एक्सव्ही-६ मध्ये प्रोसेसवर मर्यादा: आधी रुमाल, मग फोर्क

एक्सव्ही-६ ही एमआयटीने शिकवण्यासाठी लिहिलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्यात प्रोसेसचे (चालू प्रोग्रामचे) गट आणि दर गटाला कमाल संख्या, हे काम हाती घेतलं. हरभऱ्याच्या ओलितासाठी थ्री-फेज सध्या रात्रीचीच येते, म्हणून मोटारीपाशी लॅपटॉप घेऊन बसतो. एक्सव्ही-६ ज्यावर चालवतो त्या क्यूएमूला (लॅपटॉपमधल्या नकली कॉम्प्युटरला) नेटवर्क लागत नाही. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या वावरात हे लय कामाचं.

मूळ कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) सगळ्यांना मिळून ६४ प्रोसेसचं एकच टेबल. कुठलाही उनाड प्रोग्राम ते एकटा भरून टाकतो. मला हवं होतं की आठची मर्यादा असलेल्या गटाला नववी प्रोसेस मिळूच नये.

पहिली आवृत्ती मुद्दाम भोळी लिहिली. फोर्क म्हणजे एका प्रोसेसने (आईने) स्वतःची नक्कल, म्हणजे नवी प्रोसेस (लेकरू), काढणं. त्याच्या सुरुवातीला गटाची मोजणी तपासायची, सगळं पार पडलं की शेवटी एक वाढवायचा. क्यूएमू तीन कोरवर चालू होतं, आणि या दोन टोकांच्या मध्ये यूव्हीएमकॉपी हे फंक्शन बसलंय, जे आईची सगळी मेमरी पान-पान करून लेकराला देतं. टेस्ट प्रोग्रामने आधी एसब्रेकने (मेमरी मागून घ्यायच्या कॉलने) मेमरी फुगवली की ही फट चांगलीच रुंद होते. मोजणी सात असताना तीन कोरवर तीन फोर्क आत शिरले, तिघांनाही सातच दिसले, आणि गट दहावर गेला. एक कोर ठेवूनही हे टळत नाही, कारण टायमर इंटरप्ट कर्नलच्या कोडमध्येसुद्धा पाळी बदलतो. फक्त गाठायला कठीण जातं.

मोजणी अ‍ॅटॉमिक केली (वाढ मध्येच न तुटता एका दमात होईल अशी) की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्याने फक्त वाढवण्यातली गळती थांबते. तपासणं आणि घेणं वेगळं राहिलं, तर तिघांना सातच दिसणार. बरं, पूर्ण फोर्कभर स्पिनलॉक (मोकळं होईपर्यंत फिरत राहायला लावणारं कुलूप) धरावा, तर तेवढा वेळ त्या कोरचे इंटरप्ट बंद, आणि बाकीचे कोर नुसते गरगर फिरणार.

म्हणून एसटीतला उपाय: खिडकीतून आधी रुमाल टाकायचा, मग निवांत चढायचं. तपासणी आणि वाढ एका छोट्या लॉकखाली, दोन ओळींत. नंतर काही फसलं तर रुमाल उचलायचा, म्हणजे मोजणी एकने कमी करायची. लिनक्समध्ये गटातल्या प्रोसेसवर मर्यादा घालणारा पिड्स कंट्रोलर (४.३ पासून, २०१५) असाच चालतो. तो अ‍ॅटॉमिक पद्धतीने आधी वाढवतो, मर्यादा ओलांडली तर मागे घेतो आणि ईअगेन (‘नंतर पुन्हा बघा’ अशी एरर) देतो. त्यात क्षणभर आकडा फुगून एखाद्याला उगाच नकार मिळू शकतो, पण कुणी फुकट आत येत नाही. मला ते चालतं. उलट लिनक्समधलीच एकूण थ्रेडची तपासणी ढिली आहे. ती उशिरा लागू शकते, पण तिचं काम फक्त रूटचे (सर्वाधिकार असलेल्या युजरचे) फोर्क बॉम्ब, म्हणजे फोर्क करतच सुटणारे प्रोग्राम, अडवणं, त्याने बिघडत नाही, असं तिथल्या टिप्पणीतच लिहिलंय.

खरा वेळ गेला तो रुमाल उचलण्यात. एक्झिटमध्ये मोजणी कमी केली तर झॉम्बी, म्हणजे संपलेल्या पण आईने वेट करून अजून न आवरलेल्या प्रोसेस, हिशेबाबाहेर राहतात. गट कागदावर रिकामा आणि ६४ जागा मढ्यांनी भरलेल्या. म्हणून वजाबाकी फ्रीप्रोकमध्ये (टेबलातली जागा मोकळी करणाऱ्या फंक्शनमध्ये) नेली. पण जागा देणारं अलॉकप्रोक अर्ध्यात फसलं तरी तेच फ्रीप्रोक बोलावलं जातं. मग एका रुमालाची दोनदा उचल आणि मोजणी शून्याखाली. आता नियम असा: अलॉकप्रोक यशस्वी होईपर्यंत रुमाल फोर्कच्या हातात. नंतर नव्या प्रोसेसमध्ये गटाचा पॉइंटर भरला की जबाबदारी तिची. पॉइंटर रिकामा असेल तर फ्रीप्रोक मोजणीला हात लावत नाही. लॉकचा क्रमही पक्का केला: प्रोसेसचा आधी, गटाचा आत.

फार उशिरा कमी करणंही चुकीचंच. लिनक्समध्ये २०१९ ला कर्नल डेव्हलपर ओलेग नेस्तेरोव्ह यांनी हेच दुरुस्त केलं. फोर्क करा, वेट करा, पुन्हा फोर्क करा, एवढा साधा प्रोग्रामसुद्धा मर्यादेवर अडायचा, कारण वजाबाकी आरसीयूची (जुना डेटा वाचणारे सगळे बाहेर पडेपर्यंत थांबण्याच्या पद्धतीची) मुदत संपेपर्यंत लांबायची. तोच प्रोग्राम माझ्याकडे दोनच्या मर्यादेवर रात्रभर लावून ठेवला. अडला नाही, कारण वेट परतण्याआधीच फ्रीप्रोक झालेलं असतं.

यानंतर चालत्या प्रोसेसचा गट बदलणं. फोर्क मध्यावर असताना आई दुसऱ्या गटात गेली तर लेकरू कुणाच्या खात्यावर? लिनक्स त्यासाठी रीड-राइट सेमाफोर (अनेक वाचक एकत्र, पण लेखक एकटाच आत, असं कुलूप) वापरतं: फोर्क वाचकाच्या बाजूने, स्थलांतर लेखकाच्या बाजूने. एक्सव्ही-६ मध्ये तसलं कुलूपच नाही, स्लीपलॉकवरून (वाट पाहताना प्रोसेसला झोपवणाऱ्या कुलपावरून) ते बांधावं लागेल. कुणी बांधलं असेल तर कोड दाखवा.