थर्टी फर्स्टचं दारूकाम

१ जानेवारी

बाबांचा हट्ट दरवर्षी तोच. दारूकाम, म्हणजे आतषबाजी, बघायचं तर पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयासमोर उभं राहून. मिरामारची गर्दी त्यांना नको. म्हणून स्कूटर मळा या वस्तीत लावून दोघं चालत गेलो. वाटेत एका कोपऱ्यावर पोरांचा ‘ओल्ड मॅन’, सरत्या वर्षाचा पुतळा, जळत होता, पोरं मात्र त्याच्या नावाने पैसे मागायला अजून धावत होती.

बाराला नदीवर सुरुवात झाली. चमक दिसायची, क्षणभराने दणका यायचा आणि तोच दणका पलीकडच्या काठावरच्या बेतीच्या डोंगरावर आपटून परत यायचा. सचिवालयाच्या, म्हणजे आदिलशहाच्या वाड्याच्या, पांढऱ्या भिंती कधी लाल, कधी हिरव्या. १७५९ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय इथे राहायला आला, २००० पर्यंत विधानसभा इथे भरायची. आता लोक या भिंतीला टेकून सेल्फी काढतात. काढोत बापडे.

लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, हे मी शाळेत मुलांना शिकवते. निळा तांब्याचा, आणि जमवायला सगळ्यात कठीण तोच. ज्योत जरा जास्त तापली की रंग मरतो. त्यातून निघालाच, तरी तो मुळात मंद, त्याला काळोख लागतो. तोच आता मांडवीवर नाही. कॅसिनोंची जहाजं रात्रभर जांभळी-गुलाबी झगमगतात, अटल सेतूचे दिवे वेगळे. काल वर दोनदा काहीतरी निळसर फुटलं, पण खालच्या दिव्यांपुढे ते धुतल्यासारखं फिकं वाटलं. सोनेरी पाऊस तेवढा पुरून उरला. टाळ्या त्यालाच पडल्या.

बाबा म्हणाले, “अगो, आम्ही बोटीने यायचो तेव्हा इथे एवढा उजेड कुठला?” भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली ‘कोकणसेवक’, डेकवर वळकटी पसरून काढलेली रात्र. मग आग्वाद ओलांडून बोट नदीत शिरली की डाव्या हाताला रेईश मागूशचा किल्ला, उजवीकडे पणजी, आणि धक्क्यावर कुणीतरी आपलं माणूस शोधत असायचं. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय. काल नवीन एवढंच कळलं, की आजीला बोट लागायची आणि ती रात्रभर लिंबू हुंगत बसायची.

परतताना धुराने बाबांना ठसका लागला. नदीवर धूर असा बसला होता की वाराच नव्हता म्हणायचा. मी म्हटलं, पुढल्या वर्षी बेतीहून बघूया, फेरीबोटीने जाऊ. “तिथून समोर कॅसिनोच येणार,” बाबा म्हणाले. तेही खरंच. शेवटी ठरलं ते असं: माघात फोंड्याकडे जत्रा सुरू झाल्या की एका रात्री तिकडे जायचं, गाडी माझी, चणे-खाजं त्यांच्याकडून.