‘पर्गेटरी’पासून सुरुवात करा

मी ओहायोत कोलंबसला राहते आणि घरात सतत फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) आणि बँजो ऐकते, हे कळलं की पुण्याच्या मैत्रिणींपासून इथल्या मराठी मंडळींपर्यंत सगळ्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेलं गाणं, ऐकायचं तर सुरुवात कुठून करायची? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. टायलर चाइल्डर्स या कंट्री गायकाचा २०१७ साली आलेला ‘पर्गेटरी’ हा अल्बम लावा. १० गाणी आहेत. क्रम न बदलता ऐका.

आधी थोडं त्या मुलखाविषयी. आमच्या शहरातून हायवे २३ जातो. तो धरून दक्षिणेला निघालं आणि ओहायो नदी ओलांडली की पूर्व केंटकी लागतं: डोंगर, अरुंद खोरी आणि कोळशाच्या खाणी. खाणीतलं काम आटलं तशी तिथली माणसं याच रस्त्याने उत्तरेकडच्या कारखान्यांत आली. आणि याच रस्त्याच्या आजूबाजूच्या गावांतून लोरेटा लिन, रिकी स्कॅग्ज, ड्वाइट योकम, पॅटी लव्हलेस, ख्रिस स्टेपलटन अशी एकाहून एक गाणारी माणसं निघाली. केंटकीत या रस्त्याला अधिकृतपणेच ‘कंट्री म्युझिक हायवे’ म्हणतात. चाइल्डर्स तिथल्याच लॉरेन्स काउंटीचा, जन्म १९९१ चा. वडील कोळशाच्या धंद्यात, लहानपणीचं गाणं बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चमधलं. पहिला अल्बम त्याने २०११ मध्ये स्वतःच काढला होता, पण पुढची कित्येक वर्षं तो केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या बारमध्येच गात होता.

‘पर्गेटरी’ने त्याचं नाव देशभर नेलं. निर्मिती दोघांची: केंटकीचाच गायक स्टर्जिल सिम्पसन आणि दिग्गज कंट्री गायक जॉनी कॅशची रेकॉर्डिंग केलेला डेव्हिड फर्ग्युसन. या दोघांनी नॅशव्हिलच्या, म्हणजे कंट्रीच्या व्यवसायाच्या राजधानीच्या, रेडिओवर चालणारा गुळगुळीतपणा गाण्यांना लागू दिला नाही, हे मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं. गाता गाता चाइल्डर्सचा आवाज वर जाऊन चिरकतो, शब्द पूर्व केंटकीच्या उच्चारात येतात. ते सगळं तसंच ठेवलंय.

आता शीर्षकगीत घ्या. हे अस्सल ब्लूग्रास, म्हणजे फिडल-बँजोवर वेगात चालणारी कंट्रीची शाखा. १९४०च्या दशकात केंटकीच्याच बिल मन्रोने ही शैली घडवली आणि १९४५ च्या शेवटी अर्ल स्क्रग्ज त्याच्या बँडमध्ये आल्यावर तीन बोटांनी वाजणारा तो सुसाट बँजो तिची ओळख झाला. (आपल्या मिरवणुकीतला बेंजो वेगळा. हा कातड्याने मढवलेला, मुळात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या वाद्यातून आलेला.) गाण्यातला तरुण बॅप्टिस्ट वळणाचा. त्या पंथात मेल्यावर स्वर्ग किंवा नरक, मधलं काही नाही. पापं धुऊन निघण्याची जागा, म्हणजे पर्गेटरी, मानतात कॅथलिक. आपल्या वागण्याने स्वर्ग मिळणार नाही हे त्याला माहीत आहे, म्हणून तो कॅथलिक मुलीला विनवतो, माझ्यासाठी प्रार्थना कर. स्वतःच्या धर्मात सोय नाही म्हणून तिच्या श्रद्धेचा आधार! आणि मागे बँजो असा धावतो की जणू सैतान पाठीशी लागलाय. ही भीती संथ चालीत इतकी खरी वाटली नसती.

‘बँडेड क्लोव्हिस’ दुसऱ्या मुळाकडे नेतं. स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंडहून आलेल्या वसाहतवाल्यांनी या डोंगरांत खुनाच्या कथा सांगणारी लांबलचक लोकगीतं आणली होती. इथेही खूनच आहे. पण तो होतो जमिनीत सापडणाऱ्या हजारो वर्षं जुन्या दगडी बाणाग्रांच्या लोभापायी. जुन्या गीताचा साचा आणि आजच्या केंटकीतली हलाखी, दोन्ही एकमेकांत इतकी मुरलीत की सांधा दिसत नाही. ‘व्हाइटहाउस रोड’मध्ये दारू आणि कोकेन आहे. उपदेश नाही, कौतुकही नाही.

‘फेदर्ड इंडियन्स’ सगळ्यांत लाडकं. मात्र त्यातल्या शब्दांचा मूळनिवासी अमेरिकनांच्या बाजूने विचार करून चाइल्डर्सनेच ते काही वर्षं कार्यक्रमांत गायचं थांबवलं होतं. इतकं गाजलेलं गाणं स्वतःहून बाजूला ठेवणाऱ्या गायकाबद्दल मला फार आदर वाटतो.

शेवटी ‘लेडी मे’. सगळा बँड थांबतो, एकटा तो आणि गिटार. बायकोसाठी लिहिलेलं गाणं. तीही गायिका आहे, सेनोरा मे. नऊ गाण्यांच्या धांदलीनंतर हे आलं की त्याचं वजन कळतं, म्हणून सुरुवातीला क्रम न बदलण्याचा आग्रह धरला.

२०१८ मध्ये अमेरिकाना (कंट्री, लोकसंगीत अशा मुळांवर उभ्या गाण्याला दिलेलं वेगळं नाव) संगीताच्या पुरस्कारांत त्याला उदयोन्मुख कलाकार म्हणून निवडलं, तेव्हा मंचावरच तो म्हणाला की मी स्वतःला कंट्री गायक मानतो आणि ‘अमेरिकाना’ हा शिक्का मला पटत नाही. सन्मान करणाऱ्यांसमोर असं बोलणं काहींना उद्धट वाटलं. मला त्याचं म्हणणं पटतं. खाणकामगारांच्या मुलखातलं फिडल-बँजोचं गाणं वेगळ्या, प्रतिष्ठित कप्प्यात ठेवलं की ‘कंट्री’ हे नाव फक्त रेडिओवरच्या चकचकीत मालाला उरतं.

अल्बम आवडला तर पुढे मन्रोची १९४६-४७ ची रेकॉर्डिंग ऐका, स्क्रग्जसह केलेली. मग चाइल्डर्सचाच २०२० चा ‘लाँग व्हायलंट हिस्टरी’ घ्या. त्यात शेवटचं एक गाणं सोडलं तर सगळं फिडलच आहे.