बारा सेंटिमीटर

माझ्या नोंदवहीत 17 जानेवारीच्या पानावर रात्री नऊ वाजताची एक नोंद आहे: ‘टेल, शेवटचं आउटलेट, 12 सें.मी.’ टेल म्हणजे कालव्याच्या चारीचं शेवटचं टोक. ही नोंद गव्हाला कालव्याचं पाणी देण्याच्या एका प्रयोगातली. त्या प्रयोगाचा अहवाल गेला, शिफारस मंजूर झाली, पुस्तिकेत छापूनही आली. ते पान मात्र मी अजून उघडून बसते.

मी एका कृषी विद्यापीठात पाणी व्यवस्थापनाच्या प्रकल्पावर वरिष्ठ संशोधन सहायक आहे. लोकांना वाटतं संशोधन म्हणजे पांढरा कोट आणि काचेची भांडी. आमचं बरंचसं काम गुडघाभर चिखलात चालतं. ऑगरने, म्हणजे मातीत फिरवायच्या गिरमिटाने, पंधरा पंधरा सेंटिमीटरच्या थरांतली माती काढायची, ॲल्युमिनियमच्या डब्यांत भरायची, ओलं वजन घ्यायचं, 105 अंशांवर 24 तास वाळवून पुन्हा वजन घ्यायचं. पिकाने किती पाणी उचललं ते यातून कळतं. आणि पिकाला दिलं किती, ते चारीत पत्र्याची खाच बसवून मोजायचं.

गव्हाचं वेळापत्रक कुठल्याही पुस्तिकेत सापडेल. एकच पाणी असेल तर ते पेरणीनंतर 40 ते 42 दिवसांनी द्या. दोन असतील तर पहिलं 20 ते 22 दिवसांनी, दुसरं 60 ते 65 दिवसांनी. तीन असतील तर मधलं 40 ते 42 दिवसांचंही द्या. शास्त्र पक्कं आहे. पण मेळाव्यात हे सांगितलं की मागच्या रांगेतून हमखास एक प्रश्न येतो: “मॅडम, एकविसाव्या दिवशी कालवा सुटणार आहे का?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून तो प्रयोग मांडला. धरणाचा 15 ऑक्टोबरचा साठा बघून रब्बीचं नियोजन होतं, कालवा सल्लागार समितीत आवर्तनांच्या, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या, तारखा ठरतात. मग त्या तारखांवरून उलटं मोजून पेरणी का करू नये? आवर्तन पिकाच्या दिवशी येत नसेल तर पीकच आवर्तनाच्या दिवसावर आणून बसवू. 1 नोव्हेंबर, 15 नोव्हेंबर आणि 30 नोव्हेंबर अशा तीन पेरण्या, पाणी फक्त कालव्याचं, आणि जागा विद्यापीठाचं प्रक्षेत्र नाही तर शेतकऱ्याचं वावर, तेही टेलचं. जागेबद्दल मीच हट्ट धरला होता. कालव्याच्या तोंडाशी प्रयोग केला की सगळंच यशस्वी होतं. शिफारस व्हायला तीन हंगामांची आकडेवारी लागते. दोन हंगाम छान गेले होते. हा तिसरा.

गोदावरी खोऱ्यातली भारी काळी जमीन. चारीच्या शेवटच्या आउटलेटवर चार एकर गहू. त्यातले तीन तात्यांचे, त्या तिनातला एक एकर माझ्या प्रयोगाचा, आणि बांधापलीकडचा चौथा एकर आक्कांचा. आक्कांचे मालक गेल्यापासून त्या आणि नातू दोघंच ते वावर बघतात. विहिरीला जनावरांपुरतं पाणी. भिस्त सगळी पाटपाण्यावर.

खाचेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. नव्वद अंशांची व्ही खाच कापलेला पत्रा चारीत आडवा रोवायचा. वरची कड पाणसळ लावून तंतोतंत आडवी आणायची. कडेने एक थेंब झिरपता कामा नये, म्हणून काळी माती मळून, तीत भुस्सा घालून लिंपायचं, मागे पोती दाबायची. खाचेतून पाणी पलीकडे मोकळं पडलं पाहिजे. उंची वाचायची पट्टी खाचेवर लावायची नाही. खाचेजवळ पाणी खाली वाकतं, म्हणून पट्टी वरच्या अंगाला, पाण्याच्या उंचीच्या निदान चौपट अंतरावर लावायची. मी बसवलेल्या खाचेतून मी कधी गळती होऊ दिलेली नाही, याचा मला अभिमान आहे.

आणि यातली गोम अशी की प्रवाह उंचीच्या अडीच घाताने बदलतो. 21 सेंटिमीटर उंची म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर, म्हणजे एक क्युसेक. 12 सेंटिमीटर म्हणजे सुमारे 7 लिटर. उंची निम्म्याहून जास्त दिसते, पाणी असतं पाव. नुसत्या डोळ्यांनी चारी बघणाऱ्याला, मग तो शेतकरी असो, पुढारी असो की अधिकारी, चारी वाहताना दिसते आणि तो म्हणतो, “पाणी आहे की.”

आवर्तन आधी 10 जानेवारीला सुटणार होतं, ते पुढे गेलं. पाणी टेलला पोचेपर्यंत 17 उजाडली. आमच्या नशिबाने 15 नोव्हेंबरची पेर बरोबर 63 दिवसांची होती, ऐन फुलोऱ्यात. दिवस असा जुळून आला की मला सकाळपासून उत्साह होता. मी स्वतःच्या स्कूटरवर निघाले, डिक्कीत मातीच्या डब्या, पायांपाशी ऑगर.

स्वतःच्या स्कूटरवर का, तेही सांगते. अशा समन्वित प्रकल्पांत 75 टक्के पैसा केंद्राचा, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेमार्फत येतो आणि 25 टक्के राज्याचा. त्या वर्षी जानेवारी अर्धा सरला तरी राज्याचा वाटा आमच्यापर्यंत पोचला नव्हता. गाडीला डिझेल नाही, क्षेत्र सहायकाचं पद रिकामं, खाचेचा पत्रा मी पदरच्या पैशांनी वेल्डरकडून कापून घेतलेला. शेती उत्पन्नाच्या निदान एक टक्का संशोधनावर खर्च व्हावा असं आपण कित्येक वर्षं ऐकतो, प्रत्यक्षात तेवढा होत नाही. पण मला रकमेइतकीच चीड तारखेची येते. पैसा येतो तो मार्चअखेरीला. बीम्सवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, आकडा दिसतो आणि 31 तारखेच्या आत खर्ची पाडायचा असतो. तोवर गहू खळ्यावर आलेला असतो. मजूर, डिझेल, माती परीक्षण यांची वेळ टळून गेलेली असते, मग कपाटं आणि खुर्च्या घेतल्या जातात. आमच्या प्रयोगशाळेत कपाटांची कमतरता नाही. डब्या वाळवायच्या ओव्हनचा थर्मोस्टॅट मात्र दोन वर्षं बिघडलेला होता.

पाणी वापर संस्थेच्या पाळीपत्रकाप्रमाणे शेवटच्या आउटलेटची पाळी रात्री आठ ते सकाळी सहा. दहा तास, एक क्युसेक. हिशेब करून बघा: सहा सेंटिमीटरच्या पाळीला एकरी सुमारे 243 घनमीटर लागतात, चार एकरांना 972. दहा तासांत एक क्युसेक देतो 1000 घनमीटर. ज्याने ही पाळी बसवली त्याने चारही एकर मनात धरून बसवली होती. कागद चोख होता.

आठ वाजता पट्टीवर 14 दिसले. नऊच्या सुमारास थ्री फेज वीज आली आणि वरच्या अंगाला कालव्यावर टाकलेल्या मोटारी सुरू झाल्या. इथे अंधारात आवाज येत नाही, पण पट्टी सांगते. पाणी 12 वर आलं आणि तिथेच थांबलं.

मी कालवा निरीक्षकाला फोन लावला. त्याच्याकडे स्वतःच्या धरून तीन बीट, म्हणजे देखरेखीचे तीन टापू, होते, दोन जागा भरलेल्याच नव्हत्या. “मॅडम, वर आहे मी, चार दारं बंद करून आलो, पुढे गेलो की मागे पुन्हा उघडतात.” तो खरं बोलत होता. त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. टेलकडून तोंडाकडे पाणी द्यायचं हा नियम छापलेला आहे, पण तो पाळून घ्यायला एका माणसाला एक सायकल आणि अख्खा कालवा दिला की त्या नियमाचं काय होणार?

मी मोबाइलच्या उजेडात वहीवर आकडेमोड केली. रात्रभर मिळून अडीचशे-पावणेतीनशे घनमीटर. म्हणजे एक एकर. चारातला एक.

तात्या खोरं घेऊन उभे होते. आक्का बांधावर येऊन बसल्या होत्या, डोक्यावरून घोंगडी, नातू मांडीला टेकून पेंगलेला.

“किती निघतंय, मॅडम?” तात्यांनी विचारलं.

“एका एकराचं, तात्या.”

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग तुमच्याच प्लॉटला धरतो. मी शब्द दिलाय.”

त्यांचे स्वतःचे दोन एकर तसेच राहणार होते. तरी ते तेवढंच म्हणाले. आक्का काही म्हणाल्या नाहीत. नियमाने त्यांची पाळी तात्यांनंतर, पहाटेची, आणि पहाटे काय उरणार ते त्यांना पट्टी न वाचता कळत होतं.

मला त्या क्षणी बोलता आलं असतं. “प्रयोग राहू द्या, आक्कांचा एकर भिजवा” एवढं एक वाक्य. तिसरा हंगाम वाया गेला असता, प्रयोग आणखी एक वर्ष चालवावा लागला असता, आणि पुढच्या वर्षी प्रकल्पाला पैसे असतील की नाही याची खात्री नव्हती. शिफारस झाली तर टेलच्या हजारो शेतकऱ्यांना उपयोग होईल, असंही मी मनाशी म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. मी म्हणाले, “धरा, तात्या.”

रात्रभर दारं फोडत आम्ही एकेक सारा, म्हणजे वरंब्यांमधला वावराचा लांबट पट्टा, भिजवला. दर अर्ध्या तासाला मी पट्टी वाचली. 12, 12, 11.5, 12. पहाटे साडेपाचला शेवटचा सारा पुरा झाला. चारीत उरलेलं पाणी तात्यांनी आक्कांच्या वावरात सोडलं. ते पहिल्या साऱ्याच्या अर्ध्यावर जाऊन जिरलं.

मार्चमध्ये माझ्या 15 नोव्हेंबरच्या पेरीने उत्तम उतारा दिला. आक्कांचा गहू फुलोऱ्यात ताणला गेला होता, ओंब्या उभ्या होत्या पण दाणा चिरमटलेला. माझ्या प्लॉटमधल्या प्रत्येक साऱ्याचं वजन माझ्याकडे ग्रॅमपर्यंत आहे. आक्कांच्या एकराचा आकडा नाही. तो प्रयोगात नव्हता, म्हणून मी तोललाच नाही.

अहवालात शेरा म्हणून मी एक ओळ घातली होती: शेवटच्या आउटलेटवर प्रवाह मंजूर प्रवाहाच्या पाव होता, प्रयोगाला पुरेसं पाणी देताना शेजारचं क्षेत्र भिजू शकलं नाही. वरिष्ठांनी ती काढली. “हे आपलं क्षेत्र नाही, पाटबंधाऱ्यांचं आहे,” ते म्हणाले. ते वाईट गृहस्थ नाहीत. आमच्याकडे सगळ्यांची घडणच अशी की पाणी शेताच्या बांधाशी आलं की आमचं, त्याआधीचं त्यांचं. आणि त्यांच्याकडे पाणी आउटलेटमधून बाहेर पडलं की विषय संपतो. मधली चारी कुणाचीच नाही.

2005 साली या राज्याने दोन मोठे कायदे केले. एकाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आणलं, दुसऱ्याने पाणी वापर संस्थांना घनमापनाने मोजून पाणी देण्याची व्यवस्था घातली. समन्यायी वाटपाच्या कलमावर नगर-नाशिकची धरणं आणि जायकवाडी यांच्यात उच्च न्यायालयापर्यंत लढाई झाली, वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचं याची मेंढेगिरी समितीची कोष्टकं बनली, आणि ती हवीच होती. पण दोन धरणांमधला समन्याय मोजायला आपण जेवढी माणसं बसवतो, त्यातलं एकही माणूस एका चारीचं तोंड आणि टेल मोजायला येत नाही. आमच्या चारीच्या तोंडाशी संस्थेचं मोजमाप यंत्र आहे. त्याची पट्टी कुणीतरी उखडून नेली, ती परत बसलेली नाही. 2012 मध्ये आर्थिक पाहणीतल्या सिंचनाच्या टक्क्यावरून, 17.8 चे दहा वर्षांत 17.9 झाले यावरून, केवढं रान उठलं होतं. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आज जास्त वाटतं, की तो टक्का अशा शेवटच्या आउटलेटांवरूनच वर यायला हवा, आणि तिथे वाचायला पट्टीच नाही.

पुढे जॉइंट ॲग्रेस्कोत, म्हणजे राज्यातल्या कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीत, चारही विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांसमोर, मी शिफारस मांडली. आवर्तनाच्या तारखेशी जुळवून पेरणी. एका ज्येष्ठ सरांनी प्रश्न केला, “पाणी विहिरीचं की कालव्याचं?”

“कालव्याचं, सर.”

“तिन्ही वर्षं वेळेवर मिळालं?”

“मिळालं, सर.”

सभागृहाने शिफारस मंजूर केली. माझं उत्तर आकडेवारीला धरून होतं. तरी खाली बसताना माझे हात थंड पडले होते. ‘मिळालं’ म्हणताना मला घोंगडीतल्या आक्का दिसत होत्या.

मी चारीचं तोंड आणि टेल एकाच वेळी तीन हंगाम मोजण्याचा नवा प्रस्ताव दिला आहे. तो कुठल्या शीर्षाखाली घ्यायचा, कृषीच्या की जलसंपदाच्या, यावर तो फिरतो आहे. थांबून राहवेना म्हणून यंदा आवर्तनाआधी गेले आणि माझा पत्रा शेवटच्या आउटलेटवर बसवून आले. तात्या आले होते माती मळायला. आक्कांनी यंदा गहू केलाच नाही. हरभरा आहे, एका पाण्यावर निघेल म्हणतात. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी खोऱ्याने लिंपण दाबत विचारलं, “हे आकडं कुठवर आलं म्हंजी पुरं पानी?” मी पट्टीवर 21 च्या रेघेला लाल दोरा बांधून दिला.

त्यांचा नातू आता सातवीत आहे. शाळेच्या वहीचं मागचं पान आखून तो रोज सकाळ-संध्याकाळ पट्टी वाचून लिहितो आणि पानाचा फोटो मला पाठवतो. काल रात्रीचा फोटो आला. आठ वाजता 15, नऊ वाजता 12.