दोन बोटांचा पट्टा

संक्रांत जवळ आली की आमच्या पुढच्या खोलीत दोनच रंग उरतात. एका बाजूला बोरन्हाणाची काळी झबली, दुसऱ्या बाजूला सिद्धेश्वरांच्या यात्रेसाठी शिवायला आलेल्या पांढऱ्या बाराबंद्या. यात्रेत नंदीध्वजांबरोबर, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांबरोबर, चालणारी माणसं बाराबंदी घालतात, बंदांनी बांधायचा पांढरा अंगरखा. जुनी घरात असतेच, पण पोरं वाढतात, बापांची पोटं सुटतात आणि हे सगळ्यांना जानेवारी उजाडल्यावरच आठवतं. पांढऱ्या बाराबंदीवर काळं सूत चिकटलं की संपलं. म्हणून त्या दिवसांत मी खोलीच्या मधोमध एक जुनं लुगडं आडवं बांधते. नवरा त्याला बॉर्डर म्हणतो.

अशा धांदलीत एक बाई बाळंतविडा मागायला आल्या. मुलीला मुलगी झाली होती, बारसं आठ दिवसांवर. खरं तर मी नाहीच म्हणणार होते. बाळंतविडा म्हणजे एक वस्तू नव्हे: चार झबली, चार टोपडी, डझनभर लंगोट, दुपटी, खणाची कुंची, क्रोशाचे मोजे आणि मोहरीची उशी. यातलं निम्मं माझ्याकडे तयार असतं, पण खणाची कुंची मी आधी शिवून ठेवत नाही. प्रत्येकीला काठाचा रंग आपल्या मनासारखा हवा असतो आणि तो नेमका माझ्याकडे नसतो.

बाईंनी पिशवीतून एक चादर काढली. “ताई, ह्यातलं पण काहीतरी करा. अप्पांनी दिलीय. पोरीच्या बाळाला ह्यातलंच पाहिजे म्हणून हट्ट धरून बसलेत.”

माझे आजोबा सोलापूरच्या ‘जुनी मिल’ नावाच्या कापडगिरणीत होते. १८७७ साली सुरू झालेली ती मिल माझ्या जन्माआधीच बंद पडली, पण घरात एक सवय मागे राहिली. कापड हातात आलं की आधी उजेडाकडे धरून बघायचं, मग उलटं करून बघायचं, बोलायचं त्यानंतर. मी तशीच चादर धरली. अस्सल सोलापुरी, साठ बाय नव्वद इंचांची. हिरव्यावर पिवळे मोर, आणि उलटी केली की पिवळ्यावर हिरवे मोर. दुहेरी विणीची हीच गंमत, दोन्ही बाजू सुलट्या. २००५-०६ साली सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाजारात सोलापुरी म्हणून पानिपतचा माल अजून खपतोच. ही मात्र नाव-लेबल न बघताही हाताला कळत होती. इतक्या वर्षांच्या धुण्याने ती लोण्यासारखी मऊ झाली होती. रंग उतरले होते, पण पोत कुठे विरला नव्हता.

बाईंना कुंची हवी होती. मी स्पष्ट सांगितलं की चादरीची कुंची करणार नाही. चादर कितीही मऊ झाली तरी वजनाला जडच. आठ-दहा दिवसांच्या बाळाच्या डोक्यावर तेवढं ओझं कशाला? शिवाय दुहेरी वीण कापली की दसे सुटतात, आणि कुंचीच्या बारीक चुण्यांत ते दसे बाळाच्या मानेला टोचणार. लेपडी करू म्हटलं, दोन फूट बाय तीन फूट. वर मोराची चादर, मध्ये दोन थर, खाली मलमल. वर दुपटं घालून बाळाला निजवा. बाईंना पटलं.

चादर मोजताना मला तो पट्टा दिसला. साधारण मध्यावर, या काठापासून त्या काठापर्यंत, दोन बोटं रुंद. हिरवा जिथे हिरवा दिसायला हवा तिथे तो धड हिरवा नव्हता, धड लालही नव्हता. जांभळट, तपकिरी, चहा सांडून वाळल्यासारखा. पिवळा भाग तेवढ्यात जसाच्या तसा. मोराच्या पायांवरून तो सरळ गेला होता.

“हा डाग कसला?”

“काय की. लहानपणापासून बघत आलेय. तेवढं कापून टाका.”

कापून टाकलं. मला तर बरंच झालं, कारण त्या पट्ट्याच्या वरचा मोर अख्खा मिळत होता. चॉकने खुणा केल्या, कात्री चालवली, कडा ओव्हरलॉक केल्या, मशीनला अठरा नंबरची सुई लावली. पट्ट्याची चार बोटं रुंद चिंधी उरली, साठ इंच लांब. आमच्या धंद्यात चिंधी फेकत नाहीत. तिचे तीन तुकडे केले आणि लेपडीच्या पोटात, बाळाची कंबर येते तिथे, एकाशेजारी एक मांडून दिले. तिथे जरा जाड असलेलं चांगलं. मग धावदोरा घातला, बोटाबोटाच्या अंतरावर, लांबीच्या दिशेने. मशीनवर तासाभरात होतं ते, पण लेपडी मी हातानेच घालते. मशीनचा टाका घट्ट बसतो आणि लेपडी पुठ्ठ्यासारखी होते. सगळा बाळंतविडा बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी तयार झाला. रंगीत कागद लावून टोपलीत मांडला, आणि माझ्यावर मीच खूश झाले.

न्यायला बाई येणार होत्या. आल्या नाहीत, अप्पा आले. पांढरा नेहरू शर्ट, पायजमा, वय पंच्याहत्तरीच्या आसपास, विडी घरकुल वसाहतीतून रिक्षाने एकटेच. दारातच चपला काढून म्हणाले, “अम्मा, हात धुवायला पाणी दे जरा.” ऑर्डर घ्यायला आलेल्या माणसाने आधी हात धुवायला पाणी मागितल्याचं मला तरी आठवत नाही.

टोपलीतल्या झबल्यांकडे, मोज्यांकडे त्यांनी बघितलंही नाही. लेपडी तेवढी उचलून मांडीवर पसरली. मोराकडे बघतील असं वाटलं होतं. ते अंगठा फिरवत होते. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, मग जरा खाली, पुन्हा आडवा. मग लेपडी उलटी केली. खाली मलमल. पुन्हा सुलटी.

“तप्पु कुठंय?”

सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत आयुष्य गेलंय माझं, एवढं तेलुगू समजतं. तप्पु म्हणजे चूक. मला वाटलं, माझ्या शिवणात चूक शोधताहेत. गेले आठ दिवस मी रात्री बारापर्यंत जागत होते, त्यामुळे आवाज चढलाच. “मामा, एक टाका वाकडा दाखवा, पैसे घेणार नाही.”

“तुझी नाही गं. माझी. माझी तप्पु कुठं गेली?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि पोटात खड्डा.

चादर त्यांनीच विणलेली होती. त्यांची मुलगी, म्हणजे ऑर्डर द्यायला आलेल्या बाई, आठ दिवसांची असताना. चादरीच्या कारखान्यात रात्रपाळी, दोन माग सांभाळायचे. वर जॅकार्ड, म्हणजे नक्षी काढणारं यंत्र, त्याची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकामागून एक खाली येतात. ज्या भोकातून सुई जाईल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, तसा मोर तयार होतो. “मोर कार्ड काढतं. आपण फक्त धागा तुटू द्यायचा नाही आणि कांडी संपली की बदलायची,” ते म्हणाले. त्या रात्री दिवे गेले. परत आले तेव्हा सगळ्यांनी घाईघाईत माग चालू केले. धोट्यातली, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या होडीतली, हिरव्या सुताची कांडी संपली होती. यांनी हात घातला तो शेजारच्या मागाच्या लाल कांड्यांत. घरी बाळंतीण, चार रात्री धड झोप नाही. दोन बोटं विणून झाल्यावर दिसलं.

म्हणून तो रंग तसा. ताणा हिरवाच होता, बाणा, म्हणजे आडवा धागा, तेवढा लाल गेला, आणि हिरव्यात लाल मिसळून तो चहासारखा दिसत होता. पिवळ्याचा धोटा वेगळा, म्हणून पिवळं सुटलं. कापड उजेडाला धरायची माझी एवढी सवय, आणि मी त्याला डाग म्हणून मोकळी झाले होते! नखाने एक धागा उचलून बघितला असता तरी कळलं असतं.

“उलटं फिरवून काढायचं ना मग?” मी विचारलं.

“काढायला गेलो तर रात्र जाते. मजुरी चादरीमागं. सोडलं तसंच, कुणाला दिसणार नाही म्हणून.” ते हसले. “मुनीमाला दिसलं की! वहीत ‘फॉल्ट’ लिहिलं. आठवड्याच्या मजुरीतून चादरीचे पैसे कापले आणि चादर अंगावर टाकली. म्हणाला, तूच पांघर.”

तोवर सहा वर्षं ते चादरी विणत होते आणि घरी पांघरायला वाकळ होती. पगार कापलेली ती चादर त्यांच्या घरात आलेली पहिली सोलापुरी चादर. मुलीला तिच्यातच गुंडाळलं. पुढे किती विणल्या त्याचा हिशोब नाही. कुठे मुंबईला गेल्या, कुठे हैदराबादला. “रस्त्यात कुणाच्या खांद्यावर दिसली तर माझी की दुसऱ्याची, मला कळणार नाही. ही कळते.”

मी म्हटलं, “मामा, ती आतच आहे.” आणि त्यांचा अंगठा धरून लेपडीच्या मध्यावर दाबला. जाडी हाताला लागत होती.

त्यांनी हात तसाच ठेवला. काही बोलले नाहीत. उसव, असंही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी कदाचित वाद घातला असता.

घड्याळात साडेचार वाजले होते. पलीकडे बाराबंद्या पडल्या होत्या. मी ब्लेड काढलं.

“ब्लेड नको. सुताला लागतं.” त्यांनी कडेची गाठ नखाने सोडवली, धाग्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि लेपडी दुसऱ्या हाताने सपाट धरून हळूहळू ओढायला लागले. सगळी ओळ न तुटता बाहेर आली, तीन फूट धागा. त्यांनी तो फेकला नाही, बोटावर गुंडाळून लडी करून मांडीशेजारी ठेवला. मी एका बाजूने, ते दुसऱ्या बाजूने. माझे दोन धागे तुटले. त्यांचा एकही नाही. तुटलेल्या टोकांकडे त्यांनी बघितलं आणि सभ्यपणे दुसरीकडे बघितलं.

मधेच बाईंचा फोन आला. अप्पा कुठायत, अजून कसे आले नाहीत? प्रकार सांगितल्यावर त्या माझ्यावरच उखडल्या. “ताई, बारशाला सासरचे येणार! डाग असलेलं काय ठेवायचं तिथं?” मी फोन अप्पांना दिला. ते तेलुगूत बोलले, फार नाही, चार-पाच वाक्यं. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग फोन परत माझ्याकडे आला. बाई म्हणाल्या, “करा त्यांना पाहिजे तसं.” त्यांना ही गोष्ट तेव्हाच पहिल्यांदा कळली असावी. मी विचारलं नाही.

तीन तुकडे बाहेर काढले तेव्हा कुठला कुठे होता ते मला आठवेना. त्यांनी ते जमिनीवर मांडले, एक उलटा फिरवला, दोघांची अदलाबदल केली. “हा डावीकडचा. मोराचे पाय बघ, इथं जुळतात.” जुळत होते. मी ओव्हरलॉक केलेली कड तेवढी मधे येत होती. तुकडे मूळ जागी बेमालूम बसवणं आता शक्य नव्हतं, ते मी सांगून टाकलं. कापलं ते कापलं. मग मधला तुकडा घेतला, ज्यात पट्टा सगळ्यात ठळक होता. त्याच्या कडा आत दुमडून दोन बोटं पट्टा वर ठेवला आणि लेपडीवर आडवा बसवला, मोराच्या पायांखाली. उरलेले दोन पुन्हा आत. डोक्याकडे की पायाकडे, यावर ते बराच वेळ अडले होते. शेवटी मीच म्हटलं की मोर हवेत उभा दिसतोय, त्याला पायाखाली जमीन द्या. ते त्यांना आवडलं.

धावदोरा पुन्हा घालताना त्यांनी लडीतला जुनाच धागा पुढे केला. मी नवीन घेतला. तेवढं माझं ऐकलं त्यांनी.

लेपडी झाली तेव्हा पावणेनऊ वाजले होते. बाकी बाळंतविड्याचे पैसे बाईंनी आधीच दिले होते, लेपडीची मजुरी तेवढी राहिली होती, सहाशे. उसवणीचे मी काही सांगितले नाहीत. सांगायला तोंडच नव्हतं. अप्पांनी खिशातून पैसे काढले, दोनदा मोजले आणि माझ्या हातावर ठेवले. पाचशे नव्वद.

मी वर बघितलं. चेहरा अगदी मुनीमाचा.

“फॉल्ट आहे अम्मा. दहा कापले.”

मग हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले आणि दहाची नोट पुढे करायला लागले. मी घेतली नाही. वहीत तसंच लिहिलं: लेपडी ६००, फॉल्ट १०, जमा ५९०. त्यांनी वाकून वाचलं, टोपली उचलली, चपला घातल्या. चौकापर्यंत जाऊन मी त्यांना रिक्षा बघून दिली.

परत येऊन लुगड्याचा पडदा सारला. अकरा बाराबंद्या राहिल्या होत्या.