आईची माळ आणि डायलिसिसचे चार तास

आईचं डायलिसिस सुरू होऊन आता दीड वर्ष होईल. मंगळ, गुरू, शनी, सकाळची पहिली शिफ्ट, चार तास. डाव्या हाताच्या फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिनीत, दोन जाड सुया, तो हात हलवायचा नाही. उजवा मोकळा, त्यात गोमुखी, म्हणजे जपाची कापडी पिशवी, आणि आत तुळशीची माळ. मी बाजूला स्टुलावर बसते आणि गोमुखीचं कापड हलताना बघत राहते.

सुरुवातीला जो तो काहीतरी सांगत होता. त्र्यंबकला महामृत्युंजयाचा सव्वा लाख जप करून घ्या, सोमवार धरा. एका नातेवाइकांनी तर जपावर विश्वास असेल तर मशीन कशाला पाहिजे असं तोंडावर विचारलं, तेव्हा मी खूप चिडले आणि आजही माझं मत तेच आहे, किडनी रक्त गाळत नसेल तर ते मशीननेच गाळावं लागतं, एक वार चुकला की पायाला सूज आणि रात्री धाप. उपवास तर बंदच, साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा आणि दाण्याचं कूट, दोन्हीत पोटॅशियम, देवळातलं केळं पण नको. पाणी दिवसभराचं मोजून, प्रसादाचं पळीभर तीर्थसुद्धा आई त्यात धरते.

त्र्यंबकला मात्र बाबा आणि मी जाऊन आलो, आईला रांगेत उभं राहवत नाही. तिथे एका गुरुजींनी मंत्राचा अर्थ नीट सांगितला. ऋग्वेदाच्या ७व्या मंडलातल्या ५९व्या सूक्तातली ही १२वी ऋचा, आणि त्यातलं 'उर्वारुक' म्हणजे काकडी. पिकलेली काकडी देठापासून सुटते तसं मला मृत्यूच्या बंधनातून सोडव, अमृतापासून नको. लहानपणापासून ऐकत आलेय, पण यात फक्त मरण टळू दे एवढंच मागितलंय असं वाटायचं मला. घरी येऊन आईला सांगितलं तर म्हणाली, "बरोबर आहे ना गं, कच्ची काकडी ओढून काढली तर वेल पण दुखावतो." मळ्यात वाढलेली बाई, तिला लगेच कळलं.

तिचा स्वतःचा जप मात्र तेरा अक्षरांचा, श्रीराम जय राम जय जय राम. आम्ही नाशिकला टाकळी रोडला राहतो, समर्थ रामदासांनी तिथेच टाकळीला नंदिनी नदीच्या पाण्यात उभं राहून बारा वर्षं हाच जप केला, तेरा कोटी केला असं सांगतात. आई म्हणते सुई टोचताना श्वास अडकतो, तेव्हा छोटाच मंत्र तोंडात येतो. ओठ हलतात, आवाज नाही, त्याला उपांशु जप म्हणतात, शेजारच्या बेडवरच्या काकांची झोप मोडत नाही.

एका माळेला पाचेक मिनिटं लागतात. आधी मी माळा मोजायचे आणि किडनीचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनच्या रिपोर्टशी जोडून बघायचे, तेव्हा आई रागावली, "देवाशी हिशोब घालू नकोस." तेव्हापासून नाही मोजत. आता वाटतं की या आजारात सगळं दुसरेच करतात, वजन, बीपी, सुया, किती प्यायचं किती खायचं, सगळं दुसऱ्याच्या हातात. तेवढी एक माळ तिच्या हातात आहे, मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, आला की न ओलांडता उलटी फिरवायची, परत पहिल्यापासून. औषधाच्या जागी नाहीच ती, पण तिच्याशिवाय हे चार तास आईने कसे काढले असते मला खरंच सांगता येत नाही.

गेल्या शनिवारी बीपी एकदम खाली गेलं, अलार्म वाजला, सिस्टर धावत आल्या, पाय वर केले, सलाईन दिलं. आईची बोटं ढिली पडली तशी मी गोमुखीत हात घातला आणि ती ज्या मण्यावर होती तो अंगठा आणि मधल्या बोटात घट्ट धरून ठेवला. दहा-पंधरा मिनिटांनी तिने डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "मणी सुटला का गं?"

नाही म्हटलं, आणि तोच मणी तिच्या बोटात दिला.