तुम्ही विचारलंत म्हणून : फियाट पहिल्या चावीला सुरू झाली का?

"मॅडम, टीव्हीवर ती फियाट पहिल्या चावीला सुरू झाली, ते खरं होतं का?"

भाजी घेताना, पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत, वर्षभर मला हाच प्रश्न येतो. विचारणाऱ्याला कुठेतरी शंका असते आणि ती रास्त आहे, म्हणून एकदा नीट सांगते.

ज्यांनी माहितीपट पाहिला नाही त्यांच्यासाठी : ठाण्यातल्या आम्ही सहा जणांनी 1971 सालची एक फियाट 1100 डिलाइट पुन्हा रस्त्यावर आणली आणि एका वाहिनीने ते काम चित्रित केलं. सहांत गॅरेजवाला एकही नाही. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. बाकी एक निवृत्त बँक अधिकारी, इंजिनिअरिंगची दोन मुलं, वागळे इस्टेटमध्ये स्वतःचं लेथ असलेले एक गृहस्थ आणि कळव्याचे एक काका, ज्यांनी मुंबईत अठ्ठावीस वर्षं टॅक्सी चालवली. शेवटच्या दृश्यात मी नौपाड्यातल्या एका इमारतीच्या आवारात चावी फिरवते, इंजिन लागतं आणि टाळ्या पडतात.

ती पहिली चावी नव्हती. गाडी त्याच्या नऊ दिवस आधी सुरू झाली होती, रात्री साडेअकराला, वागळे इस्टेटच्या शेडमध्ये. तिथे कॅमेरा नव्हता. नंतर चित्रीकरणासाठी आम्ही पुन्हा चावी फिरवली आणि खरं सांगायचं तर आनंदही पुन्हा केला. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते त्याआधीचे चौदा महिने चार मिनिटांत बसवले याचं.

गाडी मिळाली तेव्हा ती एकोणीस वर्षं एकाच जागी उभी होती. ठाण्याचा पाऊस आणि खाडीवरचा दमट वारा पत्र्याचं काय करतो ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. वरून रंग बरा दिसत होता. पायाखालचं रबरी मॅटिंग उचललं तर खालची जमीन दिसली.

या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे दाराखालचा पोकळ पट्टा, ज्याला डेंटर सिल म्हणतात, तो कुजला की गाडीचा कणाच कुजला म्हणायचा. दोन्ही बाजूंचे सिल एकदम कापले तर गाडी मधून वाकते आणि मग दारं जन्मात नीट लागत नाहीत. आम्ही आधी दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी पाइप वेल्ड करून घेतले, मग एक बाजू कापली, ती पूर्ण केली आणि त्यानंतरच दुसरीला हात लावला. इथे साडेतीन महिने गेले. माहितीपटात ते ठिणग्या उडताना दिसतात, तेवढंच. पत्रा जमेल तितका मूळचाच ठेवायचा हा आमचा हट्ट होता आणि त्याला कारण होतं. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आणले. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल नकोत. ज्या कुटुंबाची ही गाडी, त्यांना ती नोंदणी करायची होती.

गंज हा माझा विषय, म्हणून त्याबद्दल जरा जास्त बोलते. बिजागऱ्या, ब्रॅकेट, बंपरचे क्लॅम्प असे छोटे भाग आम्ही घासले नाहीत. प्लास्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा घेतला. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि भंगारातली लोखंडी पट्टी धन टोकाला जोडली. रात्रभरात गंज सुटून काळा गाळ होतो, तो ब्रशने निघतो आणि खालचं चांगलं लोखंड जसंच्या तसं राहतं. कुणी करून पाहणार असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. आणि हे उघड्यावरच करा, कारण त्यातून निघणारा वायू हायड्रोजन असतो. पंचवीस वर्षं मी फळ्यावर विद्युत अपघटन शिकवते आहे. आमच्यातली मुलं टबावर वाकून बुडबुडे बघत होती, तसं वर्गात कुणी बघितलेलं मला आठवत नाही.

इंजिन जाम होतं. 1089 सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन, पण पिस्टन जागचे हलेनात. प्लग काढून त्या भोकांतून डिझेल आणि ऑइल सोडलं आणि सोळा दिवस वाट पाहिली. रोज संध्याकाळी पुलीच्या नटाला पाना लावून फक्त अंदाज घ्यायचा, जोर करायचा नाही. सतराव्या दिवशी ते बोटभर फिरलं. बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतात ती भोकं, खराब झाले होतेच, ते लेथवाल्या गृहस्थांनी ओळखीच्या ठिकाणी करून घेतले आणि ओव्हरसाइज, म्हणजे किंचित मोठे, पिस्टन टाकले.

सुट्या भागांसाठी आमच्या कुर्ल्याला खेपा सुरू असायच्या. ही फियाट भारतात बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीचा कारखाना कुर्ल्यालाच होता. उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये कंपनी काढली, तिथे आधी फियाट आणि मग त्याच गाडीची प्रीमियर पद्मिनी झाली. कारखान्याच्या जागी आता टॉवर आहेत. पण जुन्या आग्रा रोडने, म्हणजे आजच्या एलबीएस मार्गाने, कुर्ल्याहून निघालं की सरळ ठाण्यात येतो. दरवाजाचं एक हँडल घेऊन त्या रस्त्याने परत येताना बँकवाले म्हणाले, "ही नवी असताना याच रस्त्याने आली असणार." पुढे मुलुंडपर्यंत कुणी काही बोललं नाही.

वाहिनीशी आमचं एकदाच वाजलं, तेही रंगावरून. त्यांना चकचकीत लाल हवा होता, पडद्यावर उठून दिसतो म्हणून. डॅशबोर्डच्या मागे, जिथे कुणाचा ब्रश पोचला नव्हता, तिथे मूळचा फिका हिरवा होता, कच्च्या चिंचेच्या आतल्या गरासारखा. आम्ही म्हटलं, हाच. चार दिवस चित्रीकरण थांबलं. अखेर त्यांनी मान्य केलं. आज वाटतं, तेव्हा नमलो असतो तर गाडी झाली असती, पण ही गाडी झाली नसती.

आता त्या रात्रीबद्दल. ठिणगी पडत होती पण मलूल. मुलं मोबाइलवर वायरिंगचे नकाशे काढून बसली होती. कळव्याचे काका उठले, प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं, पॉलिशपेपरने आतले पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे दोन संपर्कबिंदू) घासले आणि खिशातल्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीने फट लावली. मुलाने फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून पाहिलं तर माप बरोबर. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावर एकही काळीपिवळी पद्मिनी उरली नाही. काकांची त्याच्या कितीतरी आधीच भंगारात गेली होती. ते पॉइंट घासत होते तेव्हा त्यांच्या बोटांकडे मी बघत राहिले. ते बघत नव्हते, हात आपोआप चालत होते. माहितीपटात काका दोनदा दिसतात, दोन्ही वेळा मागे उभे. हे मी वाहिनीला लिहून कळवलं आहे.

मग चोक, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून बाहेर ओढायची खुंटी, ओढला आणि चावी. पहिल्याला नुसतं गुरगुरलं. दुसऱ्याला धूर. पाचव्याला लागलं आणि शेड हादरायला लागली. बँकवाल्यांनी तशा रात्री गाडीच्या घरी फोन लावला. ज्यांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून 1971 मध्ये ही गाडी घेतली ते आजोबा आता नाहीत. आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी स्वतः कधी गाडी चालवली नाही, आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसल्या. फोन उघड्या बॉनेटजवळ धरला. काही क्षण पलीकडून काहीच आलं नाही, आम्हाला वाटलं फोन कटला.

मग आवाज आला, "अहो, चोक ओढलेलाच आहे अजून. आत ढकला तो, गुदमरतेय ती."

काकांनी हात घालून चोक आत ढकलला. इंजिन खाली आलं, एका लयीत टिकलं, आणि आजी फोनवर तशाच ऐकत राहिल्या.