पहिल्याच रात्री १४
आज लेकासोबत अमेरिकन बेसबॉलमधला पिचर (चेंडू टाकणारा) स्टीफन स्ट्रासबर्ग याचा पदार्पणाचा सामना यूट्यूबवर पाहिला. ८ जून २०१०, वॉशिंग्टन, समोर पायरेट्सचा संघ. ९४ चेंडू, १४ स्ट्राइकआउट, म्हणजे १४ वेळा फलंदाज चेंडू न टोलवताच बाद. शेवटचे सातही फलंदाज ओळीने गारद! चेंडू गुडघ्यापाशी येऊन असा काही वळायचा की बॅट आधीच फिरून गेलेली.

"बाबा, हा ग्रेट होणार!" लेक.

माझी नजर मात्र वॉकच्या (चार चेंडू बाहेर गेले की फलंदाजाला फुकट मिळणारा बेस) शून्यावर. वेग बऱ्याच पोरांकडे असतो हो. पहिल्याच रात्री, एवढ्या गर्दीत, चेंडू हवा तिथे टाकणं वेगळं.

आणि त्याच सप्टेंबरात कोपराची शस्त्रक्रिया. सांगितल्यावर लेकाचा चेहरा पडला. म्हटलं, अरे, २०१९च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेचा, एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू) हाच. आता म्हणतोय तेही सामने लाव. सकाळी शाळा आहे राव!